खांद्यामागची जागा

टक. टक. टक.

दुपारचं घर इतकं गप्प होतं की स्वयंपाकघरात सुरी लाकडी पाटावर वाजायला लागली तशी मी दचकलेच. मग ध्यानात आलं, निनाद फरसबी चिरतोय. जेवायला घरी आलेला माझा नवरा परत कामावर जाण्याआधी संध्याकाळची भाजी चिरून ठेवतो, ही बातमी आमच्या कॉलनीत केव्हाच पसरली होती. शेजारच्या घोरपडे काकू मला फाटकाशी थांबवून म्हणाल्या होत्या, "काय खायला घातलंस गं नवऱ्याला? आमच्याकडं पण पाठव की थोडं. आमचं ध्यान पाण्याचा तांब्यासुद्धा हलवत नाही."

मी हसले होते. खरं तर थोडी मिरवलेही होते.

"उशीर होईल रे तुला," मी आतून ओरडले.

"झालंच. तू तुझं काम कर."

माई, माझ्या सासूबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून वाती वळत होत्या. पुढ्यात कापूस, मांडीवर डबा. त्यांनी मान वर केली नाही.

माझ्या लेकीची, ऊर्वीची, शाळेची रिक्षा येईपर्यंतचा वेळ माझा. तेवढ्यात धुणं, आवराआवर आणि पोटातल्या कळीवर गरम पाण्याची पिशवी, एवढं उरकून मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते आणि दुसऱ्यांच्या मुलांचे हात बघते. ते माझं काम आहे. मी 'चाहूल'साठी काम करते.

चाहूल म्हणजे वर्गाच्या भिंतीवर बसवलेला एक बारीक डोळा आणि त्याच्यामागचं यंत्र. ते मुलांच्या हातांकडे बघतं. आपण बोलताना हात हलवतो, ते उगाच नाही. 'परवा' म्हणताना तो परवा गेलेला की यायचा, हे पुष्कळदा हातच सांगून टाकतो. गणित डोक्यावरून गेलं म्हणताना हातही डोक्यावरून जातो, राग गिळला म्हणताना गळ्याशी येतो. बोलण्यातली जी चित्रं आपण न बघता वापरतो, ती हात बघत असतो. लहान मुलांचा हात तर तोंडाच्या पुढे धावतो. पाच आणि तीन किती, असं विचारलं की मूल 'सहा' म्हणून ठोकून देतं, पण बोटं बरोबर आठवर थांबलेली असतात. म्हणजे त्याला कळायला लागलंय, फक्त ते कळल्याचं अजून त्याला कळलेलं नाही. अशा वेळी चाहूल बाईंना खूण करते की आता सांगा, आता पटकन समजेल. आमच्या भागातल्या बऱ्याच शाळांत ती आता आहे, आणि मुलं खरंच हसत शिकतात.

जिथं यंत्र अडतं, तिथं माझ्यासारख्या बायका लागतात. चेहरा पुसलेली, आवाज काढून टाकलेली चित्रफीत आमच्याकडे येते. खाली मुलाचे शब्द लिहिलेले असतात. आम्ही फक्त हात बघायचा आणि काय ते लिहायचं.

या कामात मला एक गोष्ट समजली, आणि तीच पुढे माझ्या घरात शिरली. समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण त्याला हवेत एक जागा देतो. पुण्याची मावशी उजवीकडे, रागावलेले काका जरा लांब. 'पुढच्या वर्षी' आणि 'मागच्या वर्षी' हे नुसते शब्द नाहीत. जे यायचं आहे ते हात छातीपुढे ठेवतो. जे गेलं ते खांद्यावरून मागे. गेलेली माणसंही तिथंच, खांद्यामागे. हे कुणी यंत्राला शिकवलं नव्हतं. त्यानंच हजारो हात बघून ते शोधून काढलं. आणि त्याहून भीतीदायक असं आणखी एक शोधलं. घरात कुणी खूप आजारी असलं की पालकसभेला आलेल्या घरच्यांचा हात आधीच मागे वळायला लागतो. तोंडानं 'होतील बऱ्या' म्हणत असतानाच. आणि त्या घरातलं मूल, ज्याला कुणी काही सांगितलेलं नसतं, ते तो हात जसाच्या तसा उचलतं.

अशा चित्रफिती मी पुष्कळ बघितल्या होत्या. बघून झाल्यावर उठायचे, तोंडावर पाणी मारायचे, पुढची उघडायचे.

त्या दुपारी निनाद गेला, आणि मी पुढची उघडली.

निळ्या गणवेशाच्या बाह्या. दोन गोबरे हात. खाली शब्द: *माझी आई मला उन्हाळ्यात नदीत पोहायला शिकवणार आहे. पाठीला डबा बांधून.*

'माझी आई' या शब्दांपाशी उजवा हात उठला, कानाजवळून गेला आणि खांद्यामागे टेकून आला. सावकाश. एखादी वस्तू फडताळात ठेवावी तसा.

चाहूलनं खाली लिहिलं होतं: *शब्द पुढचे, हात मागचा. वारलेल्या आजोबांसाठी मूल हीच जागा वापरतं. कृपया तपासा.*

हात पुन्हा पुढे आला तेव्हा मला तर्जनीवरची पट्टी दिसली. पट्टीवर पेनानं काढलेला हत्ती. दोन सोंडांचा.

सकाळी ऊर्वीचं बोट दारात चेमटलं तेव्हा मीच ती पट्टी लावली होती. हत्ती काढ म्हणाली, काढला. एक सोंड पाणी प्यायला आणि एक माझ्याशी शेकहँड करायला, म्हणाली. म्हणून दोन.

मी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा बघितली. 'यंत्राची चूक' असं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. ओळखीचं मूल निघालं तर न तपासता परत पाठवायचं, असा आमचा नियम आहे. मी परत पाठवली. मग पंखा बंद करून नुसती बसून राहिले. माईंच्या तळव्यावर कापूस घासल्याचा आवाज येत होता. इतका बारीक आवाज एरवी ऐकू येत नाही.

ऊर्वी आली ती दप्तर फेकून थेट माझ्या मांडीवर. केसांना पेन्सिलीच्या टरफलांचा वास.

"आपण एक खेळ खेळू," मी म्हटलं. "मी नाव घेणार, तू ते माणूस कुठंय ते दाखवायचं. पण बोलायचं नाही हं."

"जिंकल्यावर काय?"

"चिक्की."

"दोन."

"बरं, दोन. पुण्याची मावशी?"

हात उजवीकडे.

"बाबा?"

दाराकडे. बाबा कामावर.

"आबा?"

खांद्यामागे. आबा, तिचे आजोबा, मागच्या वर्षी गेले.

"उद्या सकाळी आई कुठं असेल?"

तिनं माझ्या छातीवर हात थापटला आणि खुदखुदली.

"आणि उन्हाळ्यात आई कुठं असेल?"

ती हसतच होती. हसता हसता हात कानाजवळून गेला, खांद्यामागे, आणि परत आला.

"दोन चिक्क्या," ती म्हणाली.

"देते हं सोन्या. असं... असं कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. बाबा करतो असं. गच्चीत, फोनवर. भाऊमामाशी बोलताना. मी तिथं माझा दगडांचा बंगला बांधते ना, तेव्हा." ती उठून उभी राहिली, एक हात कानाला लावला, भुवया आक्रसल्या आणि थेट निनाद झाली. "तुझं नाव घेतलं, 'शलाका' म्हणाला, की असं. परत 'शलाका' म्हणाला, परत असं." दर वेळी तो छोटा हात मागे जात होता. "मग तो टाकीमागं जाऊन नाक पुसतो. सर्दी झालीये त्याला."

मी तिला चिक्क्या दिल्या. डब्याचं झाकण मला लावता येईना. शेवटी तिनंच लावलं.

भाऊमामा म्हणजे निनादचे सख्खे मामा, डॉक्टर. गणपतीत माझ्या बरगडीखाली दुखायला लागलं, तेव्हा त्यांच्याच ओळखीनं तपासण्या झाल्या होत्या. रिपोर्ट निनादनं आणले. मामा फोनवर म्हणाले होते, "काही नाही गं पोरी, लिव्हरला जरा सूज आहे. तेलकट बंद, गोळ्या चालू. रडायचं नाही, फक्त वडे खायचे नाहीत." आम्ही सगळे हसलो होतो. गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल ओलं होऊन निघालंय, असं निनाद म्हणाला. दर महिन्याला नव्या बाटलीवरचंही निघायचं.

आणि त्याच दिवसांपासून निनाद भाजी चिरायला लागला.

हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी ओट्याशी उभी होते. समोर पाटावर फरसबी, एकसारखी, बारीक, सुंदर चिरलेली. माझ्याशी बोलायचं असलं की तो सुरी घ्यायचा. नाहीतर कपड्यांच्या घड्या घालायचा. मटार सोलायचा. माईंच्या वातीही तेव्हापासूनच्या. त्रिपुरी पौर्णिमा कधीच होऊन गेली होती, देव्हाऱ्यात लागून लागून किती वाती लागतात, तरी त्या वळतच होत्या. एक डबा भरला, दुसरा भरला. हात वाचणं हे जिचं काम, तिच्या घरात दोघांनी आपले हात कामाला जुंपले होते. माझ्यापासून लपवायला. माझ्याइतकंच हात वाचणारं आणखी एक माणूस गच्चीत दगडांचा बंगला बांधत होतं, हे मात्र ते विसरले.

दिवेलागणीला निनाद आला. ऊर्वी घोरपडे काकूंकडे त्यांच्या मांजरीशी खेळायला गेली होती. मीच पाठवलं होतं. त्यानं हातपाय धुतले, मटारची पिशवी ओढली आणि परात घेऊन बसला.

"आज दिवस कसा गेला?" शेंग सोलत त्यानं विचारलं.

मी परात उचलली आणि ओट्यावर ठेवली.

"अगं, सोलतोय ना मी."

"हात मोकळे ठेव आणि बोल."

"म्हणजे?"

"माई, तुम्हीसुद्धा. तो कापूस खाली ठेवा."

"दिव्याला लागतात गं वाती," माई म्हणाल्या.

"सगळ्या गावाच्या दिव्यांना पुरतील एवढ्या झाल्यात, माई." माझा आवाज मला परक्याचा वाटत होता. "मला फक्त एक सांगा. उन्हाळ्यात मी कुठं असेन?"

निनादनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. शाळेत बाई रागावल्यावर मुलं बसतात, तसा. त्याक्षणी मला सगळं कळलं. त्यापुढे त्यानं जे सांगितलं, ते नुसते तपशील होते.

"सूज नाहीये," तो म्हणाला. "गाठ आहे. पसरलीये."

माईंनी तोंडाला पदर लावला.

"कधीपासून माहितीये?"

"पहिल्या रिपोर्टपासून." हात मांड्यांखालून सुटू पाहत होते, त्यानं पुन्हा दाबले. "मामा म्हणाला, तिला सांगू नका, ती धीर सोडेल. जेवढे दिवस आहेत तेवढे हसत जाऊ देत. मलाही वाटलं, ऊर्वीचा वाढदिवस होऊ दे. मग सांगू. मग वाटलं संक्रांत होऊ दे..."

"आणि इलाज?"

"आहे एक. मुंबईला. पण खूप हाल आहेत म्हणे त्यात. बरेच आठवडे तिथंच राहायचं, लहान मुलांना जवळ येऊ देत नाहीत. आणि एवढं करून लागू पडेलच असं नाही. मामा म्हणाला, उगाच कशाला..."

"ते मी ठरवायचं होतं ना रे?"

"हो."

"माझ्या पोटातली गोष्ट तुम्ही सगळ्यांनी आपापल्या पोटात ठेवलीत. आणि मी इथं बसून लोकांच्या पोरांचे हात तपासत होते! घोरपडे काकूंपुढं मिरवत होते, की बघा माझा नवरा!"

तो रडायला लागला. हात सुटले. एक माझ्याकडे आला, एक तोंडावर गेला. मला त्याच्या कानशिलात मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याच्या कुशीत शिरून लपावंसं वाटलं. आधी दुसरं केलं. मग त्याच्या पाठीवर बुक्के मारले. त्यानं मारू दिले.

माई उठल्या, माझ्यामागे आल्या आणि मोकळा हात माझ्या डोक्यावर ठेवला. कित्येक दिवसांत त्यांचा हात मी रिकामा बघितला नव्हता.

"माझंच ऐकून गप्प बसला गं तो," त्या म्हणाल्या. "आबांना आम्ही सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते भिंतीकडं तोंड करून निजले. तुझं तसं होऊ नये म्हणून..."

मी भिंतीकडे तोंड करून निजले नाही. त्यामागे शौर्य वगैरे काही नव्हतं. पडलं की भीती छातीवर येऊन बसते, उभं राहिलं की निदान पायाशी राहते, एवढंच. दुसऱ्याच दिवशी मी भाऊमामांना फोन केला. ते म्हणाले, "पोरी, चुकलं माझं. सोमवारची वेळ घेतो तिथली." आशा किती, असं मी विचारलं. त्यांनी नीट सांगितलं. पहिल्यांदाच माझ्याशी माझ्याबद्दल खरं बोलले. ती आशा मोठी नव्हती. पण होती.

राहिली ऊर्वी.

तिला काय सांगायचं यावर आमचं लगेच जमलं. आई बरी व्हायला मुंबईला जातेय, औषध कडू आहे, वेळ लागेल. यातलं काहीच खोटं नव्हतं. प्रश्न शब्दांचा नव्हताच. ती शब्द ऐकणार नव्हती.

म्हणून मी निनादला हात शिकवायला बसले. ती शाळेत गेली की आम्ही आरशापुढे उभे राहायचो.

"म्हण, आई उन्हाळ्यात परत येणार."

"आई उन्हाळ्यात परत येणार." हात पुढे, ताठ.

"ट्रॅफिक पोलीस वाटतोयस. जरा सैल."

"आई उन्हाळ्यात... शलाका, मला नाही जमत गं."

"जमव. आपल्या लेकीसाठी जमव."

तो पुन्हा करायचा. हात पुढे जायचा आणि मनगट तेवढं मागे वळायचं, कुणी दोरी बांधून ओढल्यासारखं. मी ते मनगट धरून पुढे वळवायचे. एकदा दोघांनाही हसू आलं, आणि हसता हसता भलतंच झालं, मग बराच वेळ नळाखाली तोंडं धूत बसलो. माईंनी तर सरळ सांगून टाकलं, "माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी पदरातच हात ठेवते."

मी निनादला एक गोष्ट सांगितली नाही. असे शिकवलेले हात चाहूल ओळखते. त्यांना आम्ही 'बसवलेला' म्हणतो. खरा हात शब्दाच्या किंचित आधी निघतो. बसवलेला हात शब्दाची वाट बघतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत घडणारा एवढासाच फरक, पण मुलांना तोही दिसतो. मी स्वतःच पालकसभांच्या कितीतरी चित्रफितींखाली तो शब्द लिहिलेला होता, दुसऱ्या कुणाच्या तरी आयांच्या हातांखाली.

म्हणून स्वतःचा हात मी आरशात तपासला नाही. तो कुठं जातो, हे बघायची मला भीती वाटत होती. मला जगायचंय हे मला माहीत आहे. पण माझ्या हाताला आणखी काही माहीत असेल तर?

रविवारी दुपारी मी बॅग भरत होते. माई देव्हाऱ्यापाशी बसल्या होत्या. निनाद स्वयंपाकघरात होता, पण सुरी वाजत नव्हती. ऊर्वी पलंगावर बसून माझ्या घड्या घातलेल्या साड्यांचा डोंगर करत होती आणि त्यावर दोन सोंडांचा हत्ती चढवत होती. पट्टी मळून एका बाजूनं सुटली होती, तरी तिनं ती काढू दिली नव्हती.

"डबा कुठला घ्यायचा गं, पाठीला बांधायला?" तिनं विचारलं.

"तेलाचा मोठा आहे ना, गच्चीतला. त्याचं तोंड नीट बंद करून घेऊ. माझ्या बाबांनी मला अशाच डब्यावर शिकवलं. कोयनेत पाय सोडले की आधी भीती वाटते. मग पाणीच उचलून धरतं."

"तू धरशील ना पण?"

"धरेन की. खालून. असा हात लावून."

"सोडशील?"

"तुला यायला लागलं की सोडेन. तुला कळणारसुद्धा नाही."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "मुंबईहून आल्यावर?"

"हो. मी जाऊन येते. उन्हाळा आला की आई आणि ऊर्वी नदीवर." आणि मी हात पुढे केला. छातीपुढे, खिडकीच्या दिशेनं, जिथं ऊन होतं. सैल. बोटं जराशी उघडी. जितका खरा करता येईल तितका खरा.

ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. हाताकडे बघत होती. माझा हात खाली आला, मांडीवर टेकला, तरी ती तिथंच बघत राहिली, जिथं तो होता.

मग तिनं आपला उजवा हात उचलला. आधी माझ्यासारखा पुढे नेला, उन्हात. तिथून कानाजवळ आणला. तिथं तो थांबला. ना पुढे, ना मागे. सुटलेल्या पट्टीवरचा हत्ती वाऱ्यानं हलत होता.

"बाबा तुला इथं मागं ठेवतो," ती हळूच म्हणाली. "तू तुला तिथं पुढं ठेवतेस. आई, मी तुला कुठं ठेवू?"